सहाणेवरची मुलाखत

गीतांजलीने त्या दिवशी ठरवलं ते एवढंच, की सईची गुटी आज आपण उगाळायची. (तिने आजवर 'एवढंच' म्हणून हातात घेतलेलं कुठलंही काम एवढ्यावर थांबलेलं नव्हतं. पण हे तिला नेहमी नंतर आठवतं.)

एरवी हे खातं तिच्या सासूबाईंचं, मुक्ताबाईंचं. सकाळी सईची आंघोळ झाली की गुटीचा डबा उघडायचा, त्यातली एकेक मुळी दुधात बुडवून सहाणेवर फिरवायची आणि जे काय तयार होईल ते नातीला चाटवायचं. पोट साफ, पोर गप्प. 'वरचं काहीही देऊ नका' असं सईच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मुक्ताबाईंनी ते मान डोलावत ऐकून घेतलं आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता म्हणाल्या, "मग ह्यो डॉक्टर कशावर वाढला म्हनं? गोळ्यांवर?" गीतांजली या दोघांच्या मधोमध. सकाळी तिला सासूबाईंचं पटायचं आणि संध्याकाळी मोबाईलवर काहीबाही वाचलं की डॉक्टरांचं. आपण आई म्हणून नापास होणार याची मात्र तिला दिवसभर सारखीच खात्री असायची.

आता मुक्ताबाई गावच्या जत्रेसाठी साताऱ्याकडे गेल्या होत्या, सईचं पोट ढोलकीसारखं ताणलं होतं आणि दुपारी गीतांजलीची ऑनलाइन मुलाखत होती. तुर्भ्याची मालवाहतुकीची कंपनी, जुईनगरच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. बाळंतपणानंतरची ही पहिलीच संधी. ही नोकरी तिला इतकी हवी होती, की दृष्ट लागेल म्हणून तिने स्वतःच्या आईलाही सांगितलं नव्हतं. कंपनीच्या प्रियदर्शिनी मॅडमनी फोनवर आधीच खडा टाकून पाहिला होता, "घरी लहान बाळ आहे ना? मॅनेज होईल?"

"अगदी! फुल सपोर्ट आहे घरी," गीतांजलीने ठोकून दिलं होतं.

फुल सपोर्ट, म्हणजे नवरा इंद्रजित, तळोज्याहून नाईट शिफ्ट करून आला होता आणि सोफ्यावर एक डोळा उघडा ठेवून पडला होता.

सई भोकाड पसरून रडत होती. गीतांजलीने डबा उघडला. आत सगळं तपकिरी, सुरकुतलेलं आणि दगडासारखं कडक. कशावर नाव नाही, गाव नाही. मुरुडशेंग तेवढी स्क्रूसारखी पिळलेली म्हणून ओळखू आली आणि हळकुंड तर काय, स्वयंपाकघरातलंच. बाकी सगळी एकाच आईची लेकरं. तिने सासूबाईंना फोन लावला.

"आई, यातला हिरडा कुठला?"

"काळा नाय का त्यो?"

"सगळंच काळं आहे."

"मग वास घे."

"सगळ्याला डब्याचाच वास येतोय!"

"अगं, हातात घेतलं की कळतंय की! त्यात काय एवढं..." पुढचं सगळं ढोल-ताशात बुडालं.

गीतांजलीने हातात घेऊन पाहिलं. हाताला काहीही कळलं नाही. (हात पदवीधर होता.) मोबाईलवर शोधलं, तर एक कडू असतं, एक तुरट असतं, एकाने उलटी होऊ शकते आणि एकाचं नाव चक्क अतिविष! विष, आणि तेही अति! आणि ही गोष्ट आपल्या पोरीच्या पोटात रोज जाते! मग तिची नजर सोफ्याकडे वळली.

"इंद्रजित, जीभ बाहेर काढ."

"का?"

"सईला देण्याआधी खात्री करायला नको?"

"माझ्यावर?"

"तू केमिकल कंपनीत क्वालिटीला आहेस ना?"

"तिथे आम्ही चाटून नाही बघत!"

पण पोरीच्या रडण्यापुढे आणि बायकोच्या चेहऱ्यापुढे त्याचा नाइलाज झाला. पहिलं चाटण जिभेवर पडताच त्याचे डोळे कपाळात गेले. "कडू!"

"किती कडू?"

"तुझा मामा माझ्या पगाराबद्दल विचारतो ना, तेवढं."

हे बहुतेक अतिविष. तिने तो तुकडा टेबलाच्या पार टोकाला सरकवला. दुसरं तुरट. तिसऱ्याला त्याला शिंका आल्या. चौथ्याला मात्र तो खुलला. "अरे! हे श्रीखंडासारखं लागतंय."

"म्हणजे जायफळ. नक्की ना? परत चाट."

तो परत चाटला. मग मागून घेऊन आणखी थोडं चाटला. पाचवं उगाळून होईपर्यंत सोफ्यावरून घोरण्याचा आवाज यायला लागला. रात्रभराचं जागरण आणि वर जायफळ! तिने हलवलं, चिमटा काढला, कानात "आग लागली" म्हटलं. फुल सपोर्ट फक्त कुशीवर वळला.

मुलाखत तोंडावर आलेली. रडकुंडीला आलेल्या गीतांजलीच्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली: सहाणेवर मुळी फिरत होती तेवढा वेळ सई गप्प होती. तिने मुद्दाम हात थांबवला. भोकाड. फिरवला. शांत! घर्र घर्र आवाजाकडे पोरगी अगदी कान देऊन पडून होती. गुटी पोटात जायची गरजच नव्हती, नुसती ऐकू आली तरी चालत होती. (डॉक्टरही खूश, सासूबाईही खूश. आयुष्यात पहिल्यांदाच.)

तिने टेबलाखाली दुपटी अंथरून सईला त्यावर निजवलं, सहाण मांडीवर घेतली, आणि ज्याच्याबद्दल रतीभर शंका नव्हती ते हळकुंड उजव्या हातात धरलं. व्हिडिओ कॉलवर ती समोरच्याकडे न बघता स्वतःचेच केस बघत बसते, म्हणून पडद्यावरची स्वतःची चौकट तिने आधीच स्वतःपुरती लपवून टाकली. आणि लॅपटॉपकडे बघून हसली.

समोर प्रियदर्शिनी मॅडम आणि दिनानाथ सर नावाचे वयस्कर मॅनेजर.

"कसला तरी आवाज येतोय," सर म्हणाले.

"सोसायटीत ड्रिलिंग चालू आहे, सर."

"आणि तुम्ही... हलताय का?"

"नेटवर्क, सर."

गोदामाचा हिशोब, ट्रक उशिरा आला तर काय, ड्रायव्हरने फोन बंद ठेवला तर काय, सगळ्याची उत्तरं तिने धडाधड दिली. खालून उजवा हात घर्र घर्र फिरतच होता. बंद पंख्याखाली (पंख्याच्या वाऱ्याने सई शिंकते) तिला घामाच्या धारा लागल्या. त्या ती मधूनमधून पटकन पुसायची. कधी कपाळ, कधी गाल, कधी डोळ्यांच्या कडा. पुसायला मोकळा डावा हात होता. पण घाबरलं की माणूस सवयीचाच हात वापरतो.

समोरचे दोघं तिच्याकडे जरा निरखून बघायला लागले. आपली उत्तरं फारच आवडलेली दिसतायत, असं वाटून तिला हुरूप आला.

"प्रेशरखाली तुम्ही कसं काम करता?" सरांनी विचारलं.

गीतांजलीने उत्तरासाठी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी टेबलाखाली सईने सकाळपासूनचा तुंबलेला प्रश्न स्वतःच निकालात काढला. एवढ्याशा जिवातून एवढा आवाज! लॅपटॉपचा माईक फार चांगला होता.

प्रियदर्शिनी मॅडम टेबलावरच्या पेनाकडे बघायला लागल्या. आता खरं सांगावं, तर टेबलाखाली बाळ आहे हे सांगावं लागणार. मग फुल सपोर्टचं काय? ते तर सोफ्यावर घोरतंय! नोकरी हवी की अब्रू, हे ठरवायला तिच्याकडे निमिषभराचा वेळ होता.

"सॉरी," गीतांजली म्हणाली. "सकाळपासून माझं पोट जरा..."

"असू दे, असू दे," सर घाईघाईने म्हणाले. मुलाखत लगेचच संपली.

सई गाढ झोपली होती. इंद्रजित मात्र आता ताजातवाना होऊन उठला आणि बायकोकडे बघून दचकला.

"अगं, तुझं लग्न आहे का आज?"

ती धावत बेसिनच्या आरशासमोर गेली. कपाळ, गाल, नाक, हनुवटी, डोळ्यांच्या कडा, सगळं पिवळंधमक. तिने साबणाने खसाखसा तोंड धुतलं. घाण निघाली, हळद नाही.

"आता कोण देतंय नोकरी," ती सोफ्यावर बसून पुटपुटली. "या अवतारात! आणि वर ते..."

"वर काय?"

"काही नाही. तू झोप."

संध्याकाळी फोन वाजला. प्रियदर्शिनी मॅडम.

"गीतांजली, अभिनंदन! तुमची निवड झालीय. दिनानाथ सर म्हणाले, एवढा त्रास होत असताना बाईने एकही उत्तर चुकवलं नाही. पण कावीळ पूर्ण बरी होऊ द्या हं, मगच जॉइन व्हा."

खरं सांगण्यासाठी गीतांजलीने श्वास घेतला. कावीळ नाही म्हटलं की हळद आली, हळद आली की सहाण आली, सहाण आली की सई आली. तिने श्वास सोडून दिला.

"हो मॅडम. औषध चालू आहे."

"गुड. आणि..." मॅडमचा आवाज खाली आला, "पोटाचं पण जरा मनावर घ्या. तुमची सीट माझ्याच केबिनमध्ये आहे. एसी आहे हो तिथे, खिडकी उघडत नाही."