रद्दीची उतरती रेघ

"आठवड्याभरात सगळा कारखाना मला एका पडद्यावर दिसला पाहिजे," साहेबांनी फर्मावलं. पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या त्या कारखान्यात आकडेवाली नवीच लागली होती आणि तिची नोकरी पक्की होणं याच पडद्यावर अवलंबून होतं. साहेबांची समजूत अशी, की आलेखांचं सॉफ्टवेअर विकत घेतलं की आकडे आपल्या पायांनी चालत येऊन त्यात बसतात.

आकडे मात्र दहा दिशांना पांगलेले. विक्रीचे सर्व्हरवर, आणि त्याचा पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या डोक्यात. उत्पादनाचे फळ्यावर, रोज संध्याकाळी पुसले जाणारे. रोज वाया जाणाऱ्या पुठ्ठ्याचे गोदामकाकांच्या संगणकात.

"काका, रद्दीची फाइल कुठली?"

"'वजन' नावाची आहे बघ. जोड हवी तिथे," काका मान वर न करता म्हणाले.

तिने जोडली. तारीख, किलो, सगळं जागच्या जागी. रेघ सुरेख उतरली: तीन महिन्यांत एक्क्याण्णववरून चौऱ्याऐंशी.

बैठकीत साहेब रेघेसमोर छाती फुगवून उभे राहिले. "रोजची रद्दी सात किलोंनी खाली! याला म्हणतात नेतृत्व." मालकांनी टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांचेही हात सुटले. जन्मात गोदामाची पायरी न चढलेला विक्रीप्रमुख म्हणाला, "मी हेच सांगत होतो."

गोदामकाकांचा चेहरा मात्र पडला. ते आकडेवालीच्या कानाशी लागले. "अगं, ते माझं वजन आहे! डॉक्टरांनी रोज लिहायला सांगितलंय. रद्दीचं 'वजन दोन'मध्ये."

"आणि ते किती?"

"दोनशे दहा. वाढतंच चाललंय."

नोकरी गेली असं धरूनच तिने बैठकीनंतर साहेबांना सगळं सांगून टाकलं. साहेबांनी पडद्याकडे बोट केलं.

"मालकांनी टाळ्या कशाला वाजवल्या?"

"या रेघेला, सर."

"मग रेघ हलवायची नाही. उद्यापासून तू कायम." त्यांनी काकांना बोलावून घेतलं. "काका, पुढच्या बैठकीला ऐंशीच्या आत यायचं."

"साहेब, या वयात?"

"कंपनीसाठी एवढं करा की!"

दुसऱ्या दिवसापासून काकांना कामाच्या वेळेत चालायला अर्ध्या तासाची मुभा मिळाली. मागच्या आवारात रद्दीच्या ढिगाला वळसा घालून ते वीस फेऱ्या मारत. ढीग रोज वाढत होता, त्यामुळे फेरी आपोआप लांबत गेली आणि काका झपाट्याने वाळू लागले.