आधी चाचांची मान

नूरीचं रक्त तपासणीला द्यायचं असलं की लतीफचाचा सदऱ्याची वरची बटणं सोडतात, मान तिरकी करतात आणि डॉक्टरबाईंपुढे उभे राहतात.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, त्यांना चक्कर येतेय. मी धरायला धावलो. डॉक्टरबाई मात्र सरावलेल्या. टोपण न काढलेली सुई त्यांनी चाचांच्या मानेला टेकवली. "दंडावर लावलं तर नाही का चालणार?" असं त्यांनी एकदा विचारून बघितलं होतं म्हणे. चाचा म्हणाले, "तिला दंडावर टोचता का तुमी? मंग?"

सुई टेकवून झाली की चाचा घोडीकडे वळून हसतात. "बघितलं का नूरी? मुंगी चावल्यागत. लई काय न्हाई." आणि नूरी, शपथेवर सांगतो, मुकाट्याने रक्त देते.

मी गोंदियाकडचा. शाळा सातवीत सुटली. एका बँडपार्टीत ढोल वाजवत श्रीरामपूरला आलो, तर लग्नसराई संपताच पार्टीच मोडली. परत जायची लाज वाटत होती आणि राहायला जागा नव्हती. वरातीत चाचांची तोंडओळख झाली होती, म्हणून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी एकच विचारलं, "घोड्याला भितो का?"

"हो जी."

"मंग रहा. न भिनारा लाथ खातो. आन जी कशाला म्हनतो? मी काय तहसीलदार हाय का?"

तेव्हापासून इथेच आहे. आजही ताटावर बसलो की पहिल्या घासाला त्या माणसाची आठवण होते, मग तो समोर बसलेला का असेना. मला काळजी करायची सवय आहे. घोडी नुसती शिंकली तरी मी रात्री तीनदा उठून तिला बघून येतो. चाचांना ते आवडतं. "ह्याला कळतं," म्हणतात.

नूरी पांढरीशुभ्र आहे. अर्ध्या गावाचे नवरदेव तिच्या पाठीवरून मांडवात गेलेत. पण चाचा तिच्यावर वाटेल त्याला बसवत नाहीत. एकदा एक नवरदेव रिकिबीत पाय ठेवता ठेवता शिंकला. चाचांनी लगाम ओढून घेतला. "सर्दी हाय. चालत न्या."

नवरदेवाचा मामा पुढे आला. "चाचा, माणसाची सर्दी घोडीला लागत नाही."

"तुमी डॉक्टर हाय का?"

"नाही. माझी पोल्ट्री आहे."

"मंग कोंबड्यांचं बोला."

बँड थांबला, बायका ताटकळल्या. शेवटी मुंडावळ्यांच्या खाली नाकाला रुमाल बांधून नवरदेव वर चढला. फोटोत तो लग्नाला नाही, दरोडा घालायला निघाल्यासारखा दिसतो.

दुसरा घोडेवाला भेटला की चाचा रामराम-सलामाच्या आधी विचारतात, "रगत तपासलं का?" नाही म्हणाला तर त्याच्या घोड्याला आमच्या बादलीतलं पाणी नाही. "रंग मालक सांगतो, चाल दलाल सांगतो," चाचा म्हणतात, "खरं फकस्त रगत सांगतं." लोक हसतात. मीही हसायचो.

यंदा ऐन लग्नसराईत नूरीने चारा सोडला. नाकातून घट्ट पिवळं यायला लागलं, जबड्याखाली गाठ आली, अंग तापलं. डॉक्टरबाई हातमोजे, मास्क घालून आल्या. गाठ चाचपून म्हणाल्या, "बहुतेक साधंच आहे. पिकेल, फुटेल, बरी होईल. पण नाक असं वाहतंय, तर ग्लँडर्स नाही ना, ते बघावंच लागेल. रक्त मोठ्या लॅबला पाठवते."

ग्लँडर्सचा अर्थ घोडेवाल्याला सांगावा लागत नाही. तो जंतू माणसालाही धरतो. रक्तात तो पक्का निघाला तर उपचार करत बसत नाहीत, कायद्याने जनावराला कायमचं झोपवतात.

चाचांनी बटणं सोडली. मान तिरकी केली. बाईंनी सुई टेकवली. "बघितलं का नूरी?" चाचा म्हणाले.

नूरीने बघितलंच नाही. तिचं डोकं खाली होतं. बाईंनी रक्त घेतलं, नळीवर चिठ्ठी लावली, पेटी बंद केली, तरी चाचांची मान तिरकीच होती.

"रिपोर्ट येईपर्यंत एकाच माणसाने तिच्याजवळ जायचं, तेही तोंड-हात झाकून," बाई म्हणाल्या. मी पुढे झालो. चाचांनी मला अंगणातल्या लिंबापर्यंत मागे ढकललं.

"ह्याच्या आत पाय ठेवायचा न्हाई."

"आणि तुम्ही?"

"तुजी आई हाय गोंदियाला. माजी वाट बघनारं कोन हाय?"

मग मी लिंबाखाली डबा ठेवायचो आणि लांब जाऊन बसायचो. मास्कवर मास्क चढवलेले चाचा तबेल्यातून ओरडून बातमी द्यायचे. "आज गूळ चाटला." "आज कान हलवला." लग्नवाल्यांना त्यांनी स्वतः एकेक करून फोन केले, दुसरी घोडी बघा म्हणून सांगितलं. रिपोर्टसाठी मात्र बाईंना माझा नंबर दिला. "मला न्हाई ऐकवायचं. तू ऐक, मंग मला सांग."

रिपोर्ट कुठल्या दिवशी येणार, ते बाईंनी सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी फोन आला तेव्हा मी बाजारात होतो. बाईंचं बोलणं मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि पळत सुटलो.

लिंबापाशी येऊन थबकलो. नूरी वरातीसारखी नटलेली होती. पाठीवर जरीची मखमली झूल, कपाळावर तुरा, पायात घुंगरू. सुजलेल्या गळ्यापाशी तेवढं काही बांधलेलं नव्हतं. शेजारी चाचा, ईदचा पांढरा सदरा घालून.

"चाचा, हे काय?"

"येवढ्यांच्या दारात नटून गेली," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "सरकारी लोक तिला न्यायला आले, तर त्यांनी बी तिला अशीच बघावी. बोल आता."

"ग्लँडर्स नाही, चाचा. साधी गाठ आहे. बरी होणार."

चाचा झुलीचं बक्कल काढायला वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. बोटं नुसतीच पट्ट्यावरून फिरत होती.

"माज्याच्यानं व्हईना. ये आत, तू सोड."

मी गेलो आणि बक्कल सोडलं. झूल उतरताच नूरीने मान लांब केली आणि वाहतं नाक चाचांच्या खांद्याला सावकाश पुसलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. बादलीला दुसऱ्या घोड्याचं तोंड लागू न देणारे चाचा तसेच उभे राहिले, आणि तिचं पुसून होईपर्यंत त्यांनी खांदा हलवला नाही.