तीन सत्त्यांचं बक्षीस

गुरुवारी दिवस मावळायच्या आत सावळाराम बारामतीच्या बाजारातून पिंपळीला परतला. गाडीत मीठ नव्हतं, सुतळी नव्हती आणि वांग्यांच्या पाट्यांपैकीही दोन कमी होत्या. गाडीच्या मागे मात्र एक खेचर बांधलेलं होतं. तांबूस, छातीनं रुंद, आणि चेहऱ्यावरून कुणाचाच अर्ज मंजूर न करणाऱ्या अंमलदारासारखं.

प्रयागबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. तिनं आधी खेचराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"हे कुणाचं?"

"आपलंच. जिंकलं."

"कशात?"

"एकविसात."

प्रयागबाईचा लसूण सोलण्याचा वेग वाढला. तेवढ्यावरून सावळारामनं जेवणाआधीच सगळं सांगून टाकलं.

बाजारतळाच्या कडेला झुंबररावाचं चहाचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे पत्त्यांची खोली. झुंबरराव मोठ्या लढाईत खेचरांच्या पलटणीत होता. बसऱ्यापर्यंत जाऊन तो नाईक होऊन परतला आणि येताना गोऱ्या शिपायांचा एक खेळ शिकून आला. पानांची बेरीज करत करत एकविसाच्या जवळ जायचं, एकवीस ओलांडलं की फुटलं. राजा, राणी, गुलाम दहाचे, एक्का एकाचा नाहीतर अकराचा. फौजदारानं दम भरला होता, त्यामुळे पैसा कुणी लावत नसे. नारळ, वांगी, गुळाची ढेप, क्वचित एखादी कोंबडी लागायची.

पहिली दोन वर्षं खेळ साधा होता. मग झुंबररावाला त्यात सुधारणा सुचू लागल्या. आधी त्यानं 'उघडं एकवीस' काढलं. त्यात पानं वाटणाऱ्याची, म्हणजे झुंबररावाची, दोन्ही पानं सुलटी पडायची. सावळाराम हरखला. समोरच्याची पानं दिसत असताना हरेल कोण? पण त्यात बेरीज सारखी झाली की डाव झुंबररावाचा होता, आणि ती दर तिसऱ्या डावाला सारखी होत होती.

कऱ्हाटीचा जोतीराम दर गुरुवारी त्या खोलीत बसून चहा प्यायचा, पण पानाला हात लावत नसे. त्यानं सावळारामला बजावलं होतं, की झुंबर नवा नियम आणतो तेव्हा एका हातानं देतो ते सगळ्यांना दिसतं, दुसऱ्या हातानं काय घेतो तेवढं बघावं. सावळारामला ते पटलं होतं. पण पटलेलं पाळायला लागतं, हे त्याच्या लक्षात राहत नसे.

पुढच्या महिन्यात 'बिनदश्शीचं एकवीस' आलं. जुडीतून चारी दश्श्या काढून टाकल्या. म्हणजे एकविसाच्या जवळ नेणारी मोठी पानंच कमी झाली. त्याच्या बदल्यात झुंबररावानं जाहीर केलं, की ज्याला तीन सत्त्या येतील त्याला झुंबररावाचं स्वतःचं खेचर बक्षीस. ते खेचर त्यानं खडकीच्या छावणीतल्या लिलावात घेतलं होतं. नाव सुभेदार. झुंबरराव नुसता नाईक होता, त्यामुळे त्या दोघांत हुकूम कुणाचा चालत असेल हे खरं तर तेव्हाच ओळखायला हवं होतं.

त्या गुरुवारी सावळाराम दोन पाट्या वांगी हरला आणि तिसऱ्या डावाला त्याच्या हातात दोन सत्त्या आल्या. त्यानं एक पान मागितलं. बदाम सत्ती पडली. खोलीत एकच गलका झाला. झुंबररावानं खेचराच्या गळ्यात पडून डोळे पुसले आणि कासरा सावळारामच्या हातात दिला. डोळे पुसायला जितका वेळ लागला त्याहून कासरा द्यायला कमी लागला, असं जोतीराम नंतर सांगत होता.

"बरं," सगळं ऐकून प्रयागबाई म्हणाली. "आता त्याला दारातून हलवा."

कारण सुभेदार तोवर ओट्यावर चढून दारात आडवा उभा राहिला होता. सावळारामनं हाकलून पाहिलं, ढकलून पाहिलं, गुळाचा खडा दाखवला. त्यानं खडा खाल्ला आणि उभाच राहिला. शेवटी दोघं मागच्या न्हाणीतून घरात गेली आणि जेवली.

सकाळी दार मोकळं होतं. सुभेदार वांग्याच्या वाफ्यात होता. त्यानं इकडेतिकडे नासधूस केली नव्हती. पहिल्या ओळीच्या पहिल्या रोपापासून सुरुवात करून शिस्तीत दुसरी ओळ संपवत आणली होती. शेजारची फुलाबाई कॅनॉलवरून पाणी घेऊन येत होती. ती कौतुकानं म्हणाली, की असं नीटनेटकं जनावर तिनं पाहिलं नव्हतं.

सावळारामनं ते विकायचं ठरवलं. भल्या पहाटे निघून तो त्याला निमगाव केतकीच्या बाजाराला घेऊन गेला. तिथं एका व्यापाऱ्यानं दात पाहिले, पाय पाहिले आणि चालवून दाखवा म्हणाला. सुभेदार बाजाराच्या ऐन मधोमध उभा राहिला तो राहिलाच. त्याच्या एका बाजूला कांदेवाले अडकले, दुसऱ्या बाजूला बांगडीवाले. व्यापारी निघून गेला. मग एक पेन्शनर शिपाई तिथून जाता जाता त्याच्या कानाशी काहीतरी पलटणीतलं ओरडला, तसा सुभेदार ताठ झाला आणि झपाझप चालू लागला. तो पिंपळीचा रस्ता धरून सुटला, सावळाराम मागे धावत, आणि पिंपळीची वेस दिसेपर्यंत कुणीच थांबलं नाही.

पुढच्या गुरुवारी प्रयागबाई म्हणाली, ह्या वेळी बाजार मी करते, तुमी ते खेचर परत करा. दोघं गाडीनं निघाली. सुभेदार मागून त्याच्या मर्जीनं आला.

झुंबररावानं खेचर परत घ्यायला नम्रपणे नकार दिला. दिलेलं बक्षीस माघारी घेतलं, तर खोलीवर कुणाचा इस्वास राहायचा न्हाय, असं त्याचं म्हणणं होतं. जिंकलेली वस्तू एकाच वाटेनं परत येऊ शकते, ती म्हणजे डावात हरून.

"मग मांडा डाव," सावळाराम म्हणाला. हरण्याबद्दल त्याला स्वतःवर पुरा भरवसा होता. गेली तीन वर्षं तो तेच करत आला होता.

त्यानं सुभेदार लावला. समोर झुंबररावाला काहीतरी लावणं भाग होतं, म्हणून त्यानं दुकानातली बाकं लावली. सावळाराम फुटेपर्यंत पान मागणार हे झुंबररावानं ओळखलं आणि घाईघाईनं आज नवा नियम असल्याचं जाहीर केलं: पाच पानं घेऊनही जो फुटला नाही, त्याचा डाव. सावळारामनं पान मागितलं. दुर्री आली. मग एक्का, तिर्री, पुन्हा दुर्री. पाचवं पान चौकी. बेरीज बारा. बाकं सावळारामची झाली. लोकांनी ती हौसेनं उचलून गाडीत ठेवली आणि गरम कपबशा हातात धरून गिऱ्हाइकं दुकानभर उभी राहिली.

दुसऱ्या डावाला सावळारामनं साधा खेळ मागितला, कसलीही सुधारणा नको म्हणाला. झुंबररावानं चहाची मोठी किटली लावली. सावळारामला राजा आणि राणी आली. वीस. इथं शहाणा माणूस थांबतो. सावळारामनं मोठ्या आशेनं आणखी एक पान मागितलं. पान उलटलं, तो एक्का होता. एकवीस.

विसावर पान मागणारा माणूस बारामतीत पहिल्यांदाच दिसत होता. बाजारातून लोक त्याला बघायला आले. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. सावळाराम किटली मांडीवर घेऊन रडवेला बसला होता आणि समोर झुंबरराव, जिंकलो तर खेचर येतं आणि हरलो तर दुकान जातं, अशा विचारात जुडी हातात धरून घामाघूम झाला होता. वाटायला त्याचा हातच उठत नव्हता.

गर्दीतून वाट काढत प्रयागबाई आत आली. तिच्या काखेत मिठाची पिशवी होती आणि मागे झुंबररावाची बायको सरुबाई.

"भावजी, सरुबाईनं मला समदं सांगितलं," ती म्हणाली. "ह्या खेचरानं तुमच्या घराचं निम्मं छप्पर खाल्लं. म्हणूनशान तुमी तीन आठवडं सत्त्या रचून पानं वाटत हुता."

जोतीरामनं चहाचा घोट घेतला. झुंबररावानं जुडी खाली ठेवली.

"व्हय वैनी," तो म्हणाला. "पर पहिलं दोन आठवडं रचून दिल्या तरी कुणी तिसरं पान मागंना. सावळारामच तेवढा भला माणूस निघाला."

सावळारामचा चेहरा पडला. आठवडाभरात त्याला एवढं एकच सुख होतं, की तीन सत्त्या आपल्या नशिबानं आल्या.

आता भांडण होणार म्हणून लोक पुढे सरकले, पण प्रयागबाईनं विचारलं ते वेगळंच. सुभेदार ओझं किती नेतो, आणि त्याला काय सांगितलं म्हणजे तो चालतो? झुंबररावानं खालमानेनं सांगितलं, की दोन बैलांच्या गाडीला अवघड जाईल अशा चढावर तो भरलेल्या पाट्या घेऊन चढतो. पण त्याला हुकूम फक्त पलटणीचे कळतात, आणि ते छाती काढून द्यावे लागतात.

प्रयागबाईनं खेचर ठेवून घेतलं, आणि झुंबररावाला बाकं आणि किटली परत मिळाली. अट एवढीच, की झुंबररावानं पिंपळीला येऊन ते हुकूम प्रयागबाईला शिकवायचे. तो आठ दिवस आला. कॅनॉलच्या कडेला प्रयागबाई पदर खोचून "कुईक मार्च" म्हणू लागली आणि बांधावर फुलाबाईसकट अर्धी पिंपळी जमू लागली. महिन्याभरात सुभेदारला "चल बाबा" एवढंही कळायला लागलं. चिखलाच्या दिवसांत इतरांच्या गाड्या रुतून बसल्या, तेव्हा प्रयागबाईची वांगी सगळ्यांच्या आधी बाजारात पोचली. सावळाराम पाट्या भरायचा आणि मागून चालायचा. खोलीकडे फिरकायला त्याला सवड उरली नाही, आणि उरली तरी सुभेदार तिथं थांबत नसे.

झुंबररावाचं मात्र काहीतरी बिघडलं. त्यानं छप्पर नवं शाकारलं, पण घरात चैन पडेना. एका शुक्रवारी तो ज्वारीचं ओलं कडवळ खांद्यावर घेऊन पिंपळीला आला. सुभेदारला खाऊ घातलं, त्याची मान खाजवली, दोन कप चहा प्याला आणि तिसऱ्याला विषय काढला. एक नवं एकवीस त्यानं बसवलं होतं. त्यात खेळणाऱ्याचाच फायदा होता, वाटणाऱ्याचा काहीच नाही. तो स्वतः खेळणार, सावळारामनं वाटायचं आणि सुभेदार लावायचा. बदल्यात सावळाराम मागेल ते द्यायला तो तयार होता.

सावळारामचे डोळे चमकले. त्यानं बायकोकडे पाहिलं.

प्रयागबाईनं झुंबररावाच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

"भावजी, खेळायचं कशाला?" ती म्हणाली. "तुमी नुसतं मागा, आमी नुसतं न्हाय म्हणतो. तेवढाच येळ वाचंल."

झुंबररावानं मागितलं. ती न्हाय म्हणाली. मग तो हसला, बशीतला चहा संपवला आणि पुढच्या शुक्रवारी कडवळ आणू का मका, एवढं विचारून घरी गेला.