सोफ्यावरची माघार

मुलांनो, एक पांढराशुभ्र सोफा डोळ्यांपुढे आणा. इतका पांढरा, की बसण्याआधी आपणच आपली चड्डी झटकून घ्यावी. आता त्यावर एक अख्खं कुटुंब बसवा आणि समोर टीव्ही लावा. बसले सगळे? मग पुढचं ऐका.

हा सोफा त्या कुटुंबाचा नव्हता. भिंगरीचे बाबा सोफे बनवायचे आणि त्यांचा एक नियम होता. तयार झालेला सोफा एक संध्याकाळ घरच्यांनी बसून पाहायचा. कुठे कुरकुरला, कुठे टोचला, तर गिऱ्हाइकाआधी आपल्याला कळलं पाहिजे. आजचा सोफा दातांच्या डॉक्टरीणबाईंचा होता. तो त्यांना पसंत पडला, तर दवाखान्यातल्या सगळ्या खुर्च्यांचं काम बाबांना मिळणार होतं. म्हणून सोफ्यावर जुनी चादर अंथरली होती, आणि चहाला जवळपास बंदी होती.

टीव्हीवर एका मंगोल विजेत्याची गोष्ट चालू होती. माहितीपटच, पण लढाया नटांनी करून दाखवलेल्या. धुळीतून घोडेस्वार आले आणि काकाच्या अंगात आलं. त्याने चादर ओढून खांद्यावर घेतली आणि सोफ्याच्या हातावर मांड ठोकली.

"उतरा खाली! घोडा आहे का तो?" आई ओरडली.

"वहिनी, शत्रू येतोय!"

"शत्रू नाही, डॉक्टरीणबाई येतायत!"

पडद्यावरचे घोडेस्वार एकाएकी पाठ फिरवून पळू लागले.

"हात्तिच्या! पळपुटे निघाले," काका हळहळला.

"काका, ती खोटी माघार आहे," भिंगरी म्हणाली. "शत्रू मागे धावत आला, की हे वळणार."

घोडेस्वार वळले. काकाही वळला. चादरीचं टोक तिपाईवरच्या कपात अडकलं. कप काकानेच लपवून आणला होता. चहा सरळ सोफ्यावर.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

"भिंगरे, बस त्याच्यावर!" बाबा कुजबुजले. "काही झालं तरी उठायचं नाही!"

भिंगरी बसली. चहा अजून कोमट होता.

डॉक्टरीणबाई आत आल्या आणि सोफ्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "सुरेख झालाय हो! बाळ, जरा उठतेस?"

"तिच्या पायाला मुंग्या आल्यात," बाबा म्हणाले.

"दोन्ही पायांना," काकाने भर घातली.

"बरं, मग बसल्या बसल्या दात तरी दाखव. आ कर."

या गडबडीत आईच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "चहा घेणार ना?" बाबांनी कपाळावर हात मारला, पण उशीर झाला होता. बाई कप घेऊन भिंगरीशेजारी टेकल्या आणि लढाईत रमल्या. तटाची भिंत धाडकन कोसळली, तशा बाई "आई गं!" करून उडाल्या, आणि सगळा कप सोफ्यावर!

"अरे देवा, काय केलं मी हे!" बाईंचे कान लाल झाले. "नवं कापड माझ्याकडून लावा. आणि दवाखान्याच्या खुर्च्याही तुम्हीच करा. नाही म्हणू नका, मला फार लाज वाटतेय."

बाबा छताकडे पाहू लागले. आईने पदराचं टोक उगाच नीट केलं. काका तर मिशीत हसत होता. लढाई जिंकली होती!

फक्त भिंगरीला बुडाखाली ओलं लागत होतं. तिने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा बाईंच्या लाल कानांकडे. मग ती उठली आणि वळून उभी राहिली. सोफ्यावर डाग, फ्रॉकवर डाग.

"बाबा, मी माघार घेते," ती म्हणाली. "खोटी नाही, खरी."

बाई आपल्या डागाकडे पाहत राहिल्या, मग भिंगरीच्या. मग काकाच्या खांद्यावरच्या चादरीकडे. आणि खो-खो हसत सुटल्या.

"म्हणजे निम्मं कापड तुमचं, निम्मं माझं!"

"आणि... खुर्च्या?" बाबांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"तुम्हीच करा. पण चहाच्या रंगाच्या!"

भिंगरीने काकाच्या खांद्यावरून चादर ओढून काढली, सोफ्यावर नीट अंथरली आणि बाईंना म्हणाली, "बसा आता. अर्धी लढाई अजून बाकी आहे."