हिरव्या रिबिनीचा डबा

पिकअपला श्वास पुरत नाही, हा शोध मेहुण्याने जेवता जेवता लावला. अकरा वर्षं ती डिझेल पिकअप निमूट ओझी वाहत होती आणि तिच्या मालकाची काही तक्रार नव्हती.

"दाजी, तुमचा तो हवेचा डबा म्हणजे गाडीचं नाक दाबून तिला पळवणं आहे. उघडा फिल्टर बसवू. मोकळी हवा गेली की कशी ओढते बघा."

"आहे तीही ओढतेय की," दाजी म्हणाले.

"ओढतेय कसली, रडतेय. सोमवारी लाँड्रीवाल्या बाई गाडी बघणार ना? चढावर दम लागला तर वर्षभराचं काम हातचं जाईल."

इथे दाजींचा घास थांबला. हॉस्पिटलच्या चादरी पोहोचवायचं ते काम मिळालं असतं, तर रोज सकाळी नाक्यावर भाड्याची वाट बघत उभं राहणं सुटलं असतं. बायकोनेही भावाची री ओढली. "माझा भाऊ तुमचं वाईट का चिंतेल?" लग्नाला सतरा वर्षं झालेला माणूस असल्या प्रश्नावर "बसवू रविवारी" एवढंच म्हणतो.

रविवारी मेहुण्याने जुना डबा काढला. त्याची एक क्लिप तुटलेली, म्हणून दाजींनी तिथे बायकोची हिरवी रिबीन बांधली होती. "हा मी टाकून देऊ?" त्याने विचारलं. "टाक," दाजी म्हणाले. नवा लाल फिल्टर बसवायच्या आधी त्याला तेल लावायचं होतं. "थोडंसंच," मेहुण्याने बजावलं आणि तो हात धुवायला गेला. पण तेलाने यंत्राचं कधी वाईट होत नाही, अशी दाजींची आयुष्यभराची श्रद्धा. त्यांनी मायेने अख्खी बाटली रिकामी केली.

सोमवारी लाँड्रीच्या आवारात पांढऱ्या चादरी ओळीने वाळत होत्या. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "त्या चढावर घेऊन दाखवा."

पिकअप अर्ध्या चढावर गेली आणि गुदमरली. दाजींनी पाय दाबला. ती खोकली. दाजींनी आणखी दाबला, आणि मागून असा काळा लोट निघाला की बाईंचा पुसलेला चष्मा परत काळा झाला. उरलेलं काम वाऱ्याने केलं.

"सगळ्या चादरी परत धुवायला घ्या," बाईंनी शांतपणे हुकूम दिला. मग दाजींकडे वळल्या. "तुम्ही निघा आता."

मेकॅनिकने बॉनेट उघडून आत बोट फिरवलं. "तेल किती ओतलंत?"

"बाटलीभर. कमी पडायला नको म्हणून."

"हवा मोजणारा सेन्सर त्यात आंघोळ करतोय. धुऊन देतो, पण हा फिल्टर परत तेच करणार. जुना डबा आणा, गाडी पहिल्यासारखी होईल."

संध्याकाळी दाजी मेहुण्याच्या दारात पोहोचले. त्याचीही पिकअप त्याच मॉडेलची. बॉनेट उघडं होतं आणि आत हिरवी रिबीन दिसत होती.

"माझा डबा फुटला होता हो," मेहुणा म्हणाला. "तुम्ही टाक म्हणालात, म्हटलं वाया कशाला घालवायचा?"

"काढून दे."

"दिला असता, दाजी. पण उद्या सातला लाँड्रीवर हजर व्हायचंय. दुपारी बाईंना गाडी दाखवून आलो. तुमची नापास झाल्यावर त्यांना कुणीतरी लागणारच होतं." त्याने बॉनेट लावलं. "आणि मी थोडंसंच लावा म्हणालो होतो."

तेही खरंच होतं. धड शिव्या द्यायचीही सोय त्याने ठेवली नव्हती.

घरी बायकोला सगळं आधीच कळलं होतं. "जाऊ द्या," तिने पान वाढत समजूत घातली, "काम घरातच राहिलं की."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी नाक्यावर भाड्याची वाट बघत उभे होते. समोरून मेहुण्याची पिकअप चादरींचे गठ्ठे घेऊन गेली. धुराचा मागमूस नव्हता. मेहुण्याने हॉर्न वाजवला आणि दाजींनी हात वर केला. न करून सांगतात कुणाला?