भिंगरीचं पत्रवाटप

"सुट्टीत पोर सांभाळायला काय अक्कल लागते? नियोजन हवं, नियोजन!" असं मी बायकोला छाती फुगवून सांगितलं. ती दवाखान्यात नर्स, मी एका कंपनीत आस्थापना विभागाचा कारकून. पहिला पंधरवडा आत्याकडे, दुसरा मावशीकडे. झालं!

तिसऱ्याच दिवशी आत्या बाथरूममध्ये घसरली. पाय प्लास्टरमध्ये! मावशीला फोन केला, तर म्हणाली, "माझीच दोन घर डोक्यावर घेतायत. तिसरी कुठं ठेवू, माळ्यावर?"

मग काय, सात वर्षांच्या लेकीला ऑफिसात नेलं. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, ते उगाच नाही.

नेमका दिवस वाईट. कंपनी माणसं कमी करत होती. दहा जणांना नारळ देणारी पत्रं मीच टाइप केली होती. नावं घातलेली पाकिटं साहेबांच्या ट्रेमध्ये होती. चार वाजता साहेब एकेकाला आत बोलावून देणार होते. सकाळी सह्या करून, पाकिटं बंद करून त्यांनी ट्रे माझ्या टेबलावर ठेवला.

अकराला त्यांचा फोन आला. "पत्रं तुमच्याकडेच आहेत ना?"

"हो साहेब! फक्त वाटायची बाकी!"

"बाबा, मी वाटू?" भिंगरीनं विचारलं.

"हो, हो," मी फोनमध्ये म्हणत होतो, "लगेच, साहेब!"

फोन ठेवला, तर ट्रे रिकामा! धावलो. भिंगरी टेबलाटेबलावर नावं वाचून, गोड हसून पाकिटं देत होती.

"अरे वा! वाढदिवसाचं बोलावणं का?" हिशेबनीस बाई म्हणाल्या. "येणार हं आम्ही सगळे!"

"बाई, ते फोडू नका!" मी ओरडलो.

"इश्श! भेट काय आणायची ते तरी बघू द्या!"

फोडलं. त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, काढून ठेवायला विसरल्यासारखं. मग एकेका टेबलावर पाकिटं फुटत गेली. बावीस वर्षं गोदाम सांभाळणारे काका चष्मा पुसत उठले. मला वाटलं, आता चार शब्द ऐकवणार. त्यांनी भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला. "छान वाचतेस गं. एकही चुकलं नाही."

मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात भिंगरीनं माझा शर्ट ओढला. हातात एक पाकीट उरलं होतं. "बाबा, हे तुमचं."

मी टाइप केलेली दहा. हे अकरावं! फोडलं. साहेबांनी स्वतः टाइप केलं होतं. शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या.

बायकोला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडून वॉर्डातली खोकल्याची उबळ ऐकू येत होती.

"ऐकतेयस ना?"

"हो रे. एक सांगू? चिडू नकोस. शाळा उघडेपर्यंत तरी दुसरी नोकरी शोधू नकोस!"

चिडायला हवं होतं. पण मी "बरं" म्हणालो.