आत्या पाणी वर नेतात

आत्यांनी पाण्याचे दोन कॅन काठोकाठ भरले, पाठीवरच्या सॅकमध्ये कोंबले आणि कडीचा आवाज होऊ न देता घराबाहेर पडल्या. घर तळमजल्यावर, गच्ची सहाव्या मजल्याच्या वर, आणि लिफ्ट नावाची चीज त्या इमारतीत कधी नव्हतीच. घरातले सगळे अजून घोरत होते. आत्यांना तेच हवं होतं.

कारण आधीच्या आठवड्यात जेवताना त्यांचं पुरतं हसं झालं होतं. पहाटे निघायचं, शहराजवळच्या डोंगराचं शिखर गाठायचं आणि अंधार पडायच्या आत खाली यायचं, अशा एका दिवसाच्या चढाईसाठी त्यांनी गिर्यारोहण मंडळात नाव दिलं होतं. ते ऐकून त्यांच्या थोरल्या भावाला, म्हणजे दादांना, ठसका लागला.

"तू? अगं, वाचनालयातल्या शिडीवर चढताना तुला घाम फुटतो!"

वहिनी ताटात बघून हसल्या. आत्यांना ते जिव्हारी लागलं. वाचनालयात त्यांच्या टेबलासमोरच्या खिडकीतून तो डोंगर दिसायचा, आणि अख्खी नोकरी त्यांनी पुस्तकांवर शिक्के मारता मारता त्याच्याकडे बघण्यात घालवली होती. आता निवृत्त होण्याआधी एकदा तरी त्यांना डोंगरावरून वाचनालय बघायचं होतं.

मंडळाचे सर मात्र कडक होते. "वर हवा विरळ असते, बाई. दम नसेल तर पाय उचलत नाहीत. शनिवारी मी येतो. पाठीवर वजन घेऊन गच्चीपर्यंत न थांबता चढून दाखवा. मध्ये थांबलात की नाव कटलं."

म्हणून ही चोरून तयारी. उतरताना गुडघ्यांवर भार नको, यासाठी आत्या वर पोचल्या की पाणी गच्चीवरच्या रिकाम्या पिंपात ओतत आणि हलक्या होऊन खाली येत. तीन दिवस सगळं सुरळीत चाललं. चौथ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी दार उघडलं.

"आत्या, पहाटे पहाटे पाणी कुठे नेताय?"

खरं सांगितलं तर इमारतभर हसं होणार. "ठेवतेय थोडं वर," आत्या म्हणाल्या.

"का बरं?"

"असलेलं बरं," असं म्हणून त्या सटकल्या.

पोस्टमास्तरांनी गच्चीवर जाऊन पिंपात डोकावलं. पिंप अर्ध्याच्या वर भरलेलं. शहरातली सगळी वर्तमानपत्रं आधी आत्यांच्या हाताखालून जातात, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी दोन अधिक दोन केले आणि उत्तर मजल्यामजल्यावर जाऊन सांगितलं, "पाणी जाणार. नक्की."

मग काय विचारता! दुपारपर्यंत घरोघरी बादल्या, पातेली, कुकर, फुलदाण्यासुद्धा भरल्या गेल्या. सगळे नळ एकदम सुटल्यावर टाकी कोरडी पडली, खालचा हौद संपला, आणि पंप नुसताच फिरून फिरून जळाला. संध्याकाळी खरोखरच कुणाच्या नळाला थेंब नव्हता.

"बघा! आत्यांना आधीच कळलं होतं!" पोस्टमास्तर अभिमानाने सांगत सुटले.

दुसऱ्या दिवसापासून दारात टँकर आणि जिन्यावर रांग सुरू झाली. आत्यांना मनातून फार अपराधी वाटत होतं. म्हणून त्या शेजाऱ्यांच्या बादल्याही वर पोचवू लागल्या. शेजाऱ्यांना मदत करायला निघालेले दादा दुसऱ्याच मजल्यावर पायरीवर बसले होते. त्यांच्या हातातली बादली आत्यांनी जाता जाता उचलून नेली.

शनिवारी सर आले. त्यांनी सॅक हातात तोलून पाहिली, शिट्टी फुंकली आणि आत्या निघाल्या. जिन्यावर बादल्यांची ही गर्दी.

"आत्या, आता वीजपण जाणार का हो?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"नाही!" आत्या न थांबता म्हणाल्या.

"अहो, जरा थांबून सांगा ना!"

"थांबता येणार नाही!"

एवढं पुरेसं होतं. ज्या बाईला थांबायला फुरसत नाही, तिला नक्की काहीतरी भयंकर ठाऊक असणार. सगळी इमारत आपापली बादली घेऊन मागे धावली. आत्या गच्चीवर पोचल्या, मागोमाग शेजारी पोचले, आणि सगळ्यांत शेवटी कठडा धरत सर आले.

"पास," ते कसेबसे म्हणाले. "बसायला काही आहे का?"

आत्यांना राहवेना. सगळ्यांसमोर त्यांनी कबूल केलं, "मला माफ करा. पाणी जाणार नव्हतंच. मी डोंगर चढायची तयारी करत होते."

मग पोस्टमास्तर हळूच बाजूच्यांना म्हणाले, "आपण घाबरू नये म्हणून सांगतायत. मोठं मन आहे."

रविवारी पहाटे आत्या गरम कपडे, बॅटरी, खाऊ भरलेली सॅक घेऊन निघाल्या. दादांनी ती दारापर्यंत नेऊन दिली आणि मान खाली घालून म्हणाले, "जपून जा गं. मी उगाच बोललो." आत्यांचे डोळे भरून आले. तिसऱ्या मजल्यावर मात्र खिडकी उघडली आणि पटकन मिटली.

कोपऱ्यावर मंडळाची बस उभी होती. सर दारात उभे राहून नावं वाचत होते, ते एकदम थांबले. "आत्या, तुमच्यामागे हे कोण?"

आत्यांनी वळून पाहिलं. पोस्टमास्तर सूटकेस घेऊन, त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी गादीची वळकटी घेऊन, आणि त्यांच्यामागे मजल्यांच्या क्रमाने उरलेली इमारत उभी होती.

"आत्या," पोस्टमास्तर काकुळतीने म्हणाले, "तुम्ही जिथे जाताय, तिथे आम्हालाही न्या."

आत्यांनी डोंगराकडे पाहिलं, मग वळकटीकडे पाहिलं, आणि सॅकचे पट्टे आवळले.

"चला," त्या म्हणाल्या. "पण मध्ये कुणी थांबायचं नाही."